कडूबाईचा कठडा

राजेश्रीनं कडूबाईला कधी पाहिलं नव्हतं. ती लग्न होऊन पूर्णेला सितारामच्या घरी आली तेव्हा त्याची पहिली बायको कडूबाई काविळीनं जाऊन बराच काळ लोटला होता, आणि तिच्यामागं शाळेत जाणारी एक मुलगी उरली होती, निकिता. राजेश्री पालमची. वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले, आई रोजानं शेतात जायची, आणि थोरली म्हणून घर राजेश्रीच्या अंगावर पडलं. धाकट्या बहिणी नांदायला गेल्या, त्यांना लेकरं झाली, तरी हिच्याकडं कुणी लग्नाची मुलगी म्हणून बघेना. मग सितारामचं स्थळ आलं. रेल्वेत पॉइंट्समन, पान-तंबाखू नाही, आवाज चढवून बोलणं नाही, गावात स्वतःचं पक्कं घर. बिजवर म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. राजेश्री मनाशी म्हणाली, मेलेल्या बाईला काय भ्यायचं?

वर्षभरात तिला कळून चुकलं, की जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं.

घरातल्या तांब्या-पातेल्यांवर कडूबाईचं नाव कोरलेलं होतं. राजेश्रीनं एकेक भांडं मोडीत घालून नवं आणलं. अंगणातला मोगरा नळाच्या कामात आडवा येतो म्हणून उपटून टाकला. पडदे बदलले, कपाटाची जागा बदलली. बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली कडूबाईचा फोटो होता, त्याला मात्र तिनं कधी धक्का लावला नाही. दर पौर्णिमेला ती स्वतःच्या हातानं तो पुसायची. फोटोचं तिला काही वाटत नव्हतं. फोटो कुणाच्या मध्ये पडत नव्हता. मध्ये पडायचा तो जिन्याचा कठडा.

बैठकीतूनच वरच्या खोलीकडं जिना जात होता, आणि त्याला सागवानी कठडा होता. खरादावर घोटून काढलेले गोल दांडे, मधे फुगीर, वर-खाली निमुळते. खाली पहिल्या पायरीपाशी एक जाड खांब, त्याच्या डोक्यावर डाळिंबाएवढा लाकडी गोळा. वरची पट्टी तर इतकी गुळगुळीत झाली होती, की दारातून उन्हाची तिरीप आली की ती तेल लावल्यासारखी चमकायची. घरात पाहुणा आला, की पाणी पिऊन झाल्यावर त्याचा हात त्या गोळ्यावर जायचाच. आणि मग तो म्हणायचा, "कडूबाईनं किती हौसेनं करून घेतला होता हा!"

प्रत्येक जण हेच म्हणायचा. राजेश्रीनं पुरणपोळी खाऊ घालावी, पाहुण्यानं बोटं चाटावीत, आणि उठता उठता हात कठड्यावर ठेवून कडूबाईचं नाव घ्यावं. सितारामची थोरली बहीण दगडाबाई ताडकळसहून आली, की ती तर पदरानं तो गोळा पुसूनच खाली बसायची.

राजेश्रीनं त्या कठड्याला हात लावणं सोडलं. ती भिंतीच्या कडेनं चढायची, भिंतीच्या कडेनं उतरायची. भिंतीवर तिच्या हाताचा एक लांबट काळपट पट्टा उमटला होता. सिताराम दर रंगकामाला तो पट्टा बघायचा आणि म्हणायचा, "एवढा मोठा कठडा असताना भिंतीला कामून धरतीस?" ती म्हणायची, "सवय हाय." तो पुन्हा काही विचारायचा नाही. तो मुळात कमी विचारणारा माणूस. संध्याकाळी मागच्या गल्लीत दत्तराव नावाच्या जुन्या सोबत्याकडं चहाला जायचं, तासाभरानं परत यायचं, एवढाच त्याचा नाद.

निकितेला राजेश्रीनं वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, तिला सायकल शिकवताना स्वतः गुडघे फोडून घेतले, बारावीच्या परीक्षेला परभणीत केंद्राबाहेर उन्हात बसून राहिली. स्वतःचं मूल झालं नाही, त्याचंही मग तिला फारसं काही राहिलं नाही. निकिता तिला मम्मी म्हणायची, आणि ते मनापासून म्हणायची. पण फोटोतल्या बाईला ती आई म्हणायची. हे दोन शब्द राजेश्रीनं मनातल्या मनात कितीदा तोलले असतील त्याला गणती नाही, आणि दर वेळी पारडं तिकडंच झुकायचं.

निकितेचं लग्न परभणीतच झालं. सिताराम सेवानिवृत्त झाला. निकितेला मुलगी झाली, सृष्टी. आणि त्या सृष्टीच्या पायात बळ आलं तेव्हापासून ही गोष्ट खरी सुरू झाली.

दुपारची वेळ होती. निकिता माहेरी आलेली, आत भाकरी टाकत होती. सिताराम पेपर वाचत होता. राजेश्री बैठकीत मेथी निवडत बसली होती आणि सृष्टी तिच्याभोवती खेळत होती. चार काड्या निवडून मान वर करते तोवर पोरगी जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जाऊन बसलेली, आणि आजीला हुडकायला तिनं दोन दांड्यांच्या मधून डोकं बाहेर काढलेलं. आधी ती खुदकन हसली. मग डोकं मागं घ्यायला गेली तर कान अडकले. मग तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून निकिता हातातल्या पिठासकट धावत आली.

राजेश्री तिच्या आधी पोचली होती. तिनं पोरीचं अंग छातीशी धरलं आणि ओरडली, "करवत आना! अहो, करवत आना आधी! कापा ते दांडं!"

"थांब, थांब जरा," सिताराम पायरीवर गुडघे टेकत म्हणाला. "तेल आन निकिता. खोबऱ्याचं."

"तेल कशाला? लेकराचा जीव जायलाय आन् तुमी तेल लावत बसा! कापा म्हनते न मी!"

सितारामनं ऐकलं नाही. त्यानं पोरीच्या कानांना, गालांना तेल चोपडलं, कान एका बोटानं दुमडून धरला, हनुवटी जरा वर केली, आणि डोकं अलगद मागं सरकवलं. सृष्टी सुटली. कान लाल झाले होते, एवढंच. निकितेनं तिला कवेत घेतलं आणि स्वतःच रडायला लागली.

राजेश्री पायरीवर तशीच बसून राहिली. पोरीच्या रडण्यानं तिचं काळीज खरंच तुटलं होतं. पण त्याच वेळी मनाच्या तळाशी काहीतरी आनंदानं उसळलं होतं, आणि ते तिला स्वतःलाही स्पष्ट दिसलं होतं. पोरीचं डोकं अजून दांड्यांत होतं, आणि ही मनात म्हणत होती, आता जाईल हा. आता कुणाला न्हाई म्हनता यायचं न्हाई.

चहा पिताना तिनं विषय काढला. "तो कठडा काढून टाका. दुकानात स्टीलचे मिळतात, बारीक बारीक गजांचे. लेकरू यायचं-जायचं घर हाय."

"मम्मीचं बरोबर आहे, पप्पा," निकिता म्हणाली. "काहीतरी करायलाच पाहिजे."

"बघू," सिताराम म्हणाला.

त्याचं बघू म्हणजे काय ते राजेश्रीला ठाऊक होतं. निकिता परभणीला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं शेतीच्या दुकानातून हिरवी जाळी आणली आणि दुपारभर बसून ती दांड्यांना आतून बांधली. गाठी इतक्या नेटक्या मारल्या, की जाळी कुठं ढिली नाही की कुठं सुरकुतली नाही. काम झाल्यावर मागं सरून त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "झालं. आता मुंगीबी जायची न्हाई."

राजेश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे नातीच्या जिवापेक्षा तिचा कठडा मोठा. आता तर त्याला लुगडंही नेसवलं.

ताडकळस रोडला योगीराज नावाच्या माणसाचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. राजेश्री तिथं स्वतः गेली आणि त्याला मापं घ्यायला घरी घेऊन आली. योगीराजनं मोबाईलवर फोटो दाखवले: स्टीलचे, काचेचे, काळ्या लोखंडाचे. सितारामनं सगळे फोटो शांतपणे बघितले, त्याला चहा पाजला, त्याच्या गावाची चौकशी केली, आणि दारापर्यंत सोडायला जाऊन म्हणाला, "कळवतो तुमाला."

तो दार लावून आत आला, आणि येता येता त्याचा हात त्या लाकडी गोळ्यावर पडला. सहज पडला. पण राजेश्रीनं तो बघितला. एवढ्या वर्षांत तिच्या पाठीवर तो हात असा सहज कधी पडला होता, हे ती आठवू लागली, आणि आठवेना.

दोन दिवसांनी ती बाजारातून येताना लाकडाच्या वखारीपाशी थांबली. करवतीखाली भुशाचा ढीग पडला होता. "चुलीला पायजे जरासा," असं सांगून तिनं पिशवीच्या तळाशी मूठभर भुसा घेतला. घरात गॅस होता. सकाळी सिताराम अंघोळीला गेल्यावर तिनं तो कठड्याच्या खालच्या खांबापाशी थोडा, दोन-चार दांड्यांच्या बुडाशी थोडा, असा भुरभुरला. मग झाडू घेऊन आली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! हे काय गळायलंय?"

सिताराम ओल्या अंगानं येऊन वाकला. त्यानं भुसा चिमटीत धरून बघितला.

"लाकूड किडलंय," राजेश्री म्हणाली. "आतून पोखरलं असल. उद्या लेकरू रेललं त्याला तर जाईल खाली."

"व्हय," सिताराम विचारात पडून म्हणाला. "कीड दिसायलीय."

राजेश्रीला वाटलं, संपलं. ती त्या दिवशी गुणगुणत स्वयंपाक करत होती.

संध्याकाळी सिताराम परत आला तो हातात डबा घेऊन. लाकडाची कीड मारायचं औषध. सोबत एक बारीक ब्रश. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जाळी सोडली, जुना शर्ट घातला, नाकाला रुमाल बांधला आणि खालच्या पायरीवर बसकण मारली. एकेक दांडा तो वरून खालपर्यंत औषधानं भिजवू लागला. फुगीर भागावरून ब्रश फिरवताना तो मनगट वळवायचा, खाचेत थांबायचा, ओघळ आला तर बोटानं निपटायचा. एक दांडा झाला की दुसरा. त्या दिवशी चारच झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तो तिथंच.

राजेश्रीला स्वयंपाकघरातून ते सगळं दिसायचं. औषधाच्या वासानं तिचं डोकं दुखायचं, पण ती दारातून हलायची नाही. तिला ताप आला होता तेव्हा या माणसानं कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, पण अशा तर नव्हत्या ठेवल्या. अशी मान वाकडी करून, अशी जीभ दातांत धरून, अशी वेळ काढून. आणि हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं. मूठभर भुशानं तिनं आपल्या नवऱ्याला सवतीच्या पायाशी नेऊन बसवलं होतं.

"किती दिवस चालायचं हे?" तिनं एकदा न राहवून विचारलं.

"दोन हात द्यावे लागतात म्हनं," तो ब्रश बुचकळत म्हणाला. "पहिला वाळला की दुसरा."

त्याच आठवड्यात दगडाबाई आली. डोळे दाखवायला ती परभणीला निघाली होती, वाटेत भावाकडं मुक्काम. दारातून आत येताच तिनं नाकाला पदर लावला. "कशाचा गं वास हा?"

"तुमच्या कडूबाईच्या कठड्याला औषध चाललंय, अक्का," राजेश्री म्हणाली. आवाजात जे होतं ते तिला लपवता आलं नाही. "लय लाडाचा ना तो."

सिताराम घरात नव्हता, चहाला गेला होता. दगडाबाई पाटावर बसली, पाणी प्याली, आणि राजेश्रीच्या तोंडाकडं जरा वेळ बघत राहिली.

"निकितानं सांगितलं मला फोनवर," ती म्हणाली. "लेकराचं डोकं अडकलं आन् तू करवत आना म्हनलीस."

राजेश्रीनं तिच्यापुढचा रिकामा तांब्या उचलला.

"ह्या घरात एकदा असंच झालं होतं. निकिताचंबी डोकं अडकलं होतं त्याच्यात, एवढीशी असताना. मी इथंच होते. सिताराम करवत घेऊन आला. तर कडूनं त्याचा हात धरला. म्हनली, कापू नका, तेल लावा आधी. पोरगी निळी पडायली आन् ही म्हनती, दांडा कापला तर जोड दिसल!"

"आन् मग?"

"मग काय, तेलानं निघाली पोरगी. म्हनून तर सितारामला ठाऊक, तेल लावायचं. पन तव्हापासून माझ्या मनातून ते गेलं न्हाई. पोटची पोर होती गं तिची. आन् तू, सावत्र म्हनत्यात लोक तुला, तू म्हनलीस कापा." दगडाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लय मोठं मन हाय तुझं."

राजेश्रीला तो हात पाठीवर जड झाला. या घरात आल्यापासून ती ज्याची वाट बघत होती ते हेच होतं: कुणीतरी तिला कडूबाईपेक्षा मोठी म्हणावं. आणि ते मिळालं तेव्हा तिला ते घेता येईना. करवत तिनं कशासाठी मागितली होती ते तिचं तिला ठाऊक होतं.

"पन अक्का," तिनं विषय बदलायला म्हणून विचारलं, "तिला एवढा जीव कामून होता ह्या कठड्यावर?"

"जीव कुठला! जळफळाट होता तो," दगडाबाई हसली. "दत्तरावाच्या घरी असा कठडा होता. सिताराम तिथं चहाला जायचा आन् घरी येऊन म्हनायचा, लक्ष्मीबाईनं घर कसं ठेवलंय, लक्ष्मीबाईचा चहा कसा. साधा मानूस, त्याला काय कळतंय बायकोपुढं काय बोलावं! कडूनं दोन दिवस अन्न सोडलं. म्हनली, मला तसाच कठडा पायजे, तिच्यापेक्षा जाड. सुतार बसला महिनाभर. आन् झाल्यावर बी सुख न्हाईच. लक्ष्मीबाई बघायला आली आन् म्हनली, छान हाय, पन आमचा जरा उंच हाय. झालं! त्या दिवसापासून कडू भाकरीला बसली तरी डोळा कठड्यावर. रोज पुसायची, रोज रडायची."

राजेश्री ऐकत राहिली. एवढी वर्षं तिच्या डोक्यात जी कडूबाई होती ती शांत होती, हौशी होती, कुणाला उणं न बोलणारी होती. फोटोत दिसते तशी. तिच्यापुढं आपण हलक्या, कुढ्या, काळ्या मनाच्या, असं राजेश्रीला कायम वाटत आलं होतं. आणि ती बाईही याच पायऱ्यांवर बसून असंच जळत होती. राजेश्रीला हसू आलं, मग तिची कीव आली. पण त्या दोन्हींच्या मागून तिसरंच एक उमटलं, आणि ते तिला थोपवता आलं नाही. ही लक्ष्मीबाई अजून आहे. आणि हा माणूस अजून रोज तिथं चहा पितो.

दगडाबाई परभणीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिताराम ब्रश घेऊन बसला तेव्हा राजेश्री त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"ठेवा तो ब्रश. कीड-बीड काही न्हाई. भुसा मी टाकला होता."

त्यानं वर बघितलं. "काय?"

"वखारीतून आनला. तुमी कठडा काढावा म्हनून."

तिला वाटलं होतं तो हसेल, किंवा नेहमीसारखं बघू म्हणेल. पण सितारामचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यानं ब्रश डब्यात टाकला. "आठ दिवस मी हे जहर हुंगायलोय. छातीत जळजळ व्हायलीय मला. आन् तू तिथं दारात उभी राहून बघत होतीस? तमाशा बघत होतीस?"

"मला काय सुख होतं का बघन्यात!"

"मग बोलायचं की तोंडानं!"

"किती बार बोलले! तुमचं आपलं बघू!"

तो उठला, हात धुतले, चपला घातल्या आणि बाहेर पडला. ही काही चहाची वेळ नव्हती, पण गेला तो मागच्या गल्लीकडंच. राजेश्री खिडकीतून बघत राहिली. औषधाच्या वासात, अर्धवट ओल्या दांड्यांपुढं, ती एका म्हाताऱ्या बाईच्या चहावर जळत उभी होती.

जेवणाच्या वेळेला तो परत आला. रागावलेला नव्हता, पण दमलेला वाटत होता. तो पायरीवर बसला, ती समोर जमिनीवर.

"काढून टाक," तो म्हणाला. "बोलव त्या योगीराजला."

"रागानं म्हनू नका."

"रागानं न्हाई. मला हा कठडा तव्हाबी नको होता. मी म्हनलं होतं, साधे लोखंडाचे गज बसवू. तिनं हट्ट केला, मी केला. आता तू हट्ट करायलीस."

"मग एवढे दिवस कामून ठेवला? कामून बघू, बघू?"

सितारामनं पायाजवळचा औषधाचा डबा बाजूला सारला. "तू आल्यावर भांडी गेली, मोगरा गेला, समदं गेलं. अक्का मला म्हनायची, तुझी नवी बायको पहिलीचं नाव पुसायलीय. गल्लीत बी बोलायचे लोक. तुला न्हाई सांगितलं मी. मला वाटलं, एवढा एक कठडा राहू दे. हा दिसतोय तंवर कुनी तुला काही म्हनायचं न्हाई."

राजेश्री त्याच्याकडं बघत राहिली. जी गोष्ट तिला एवढी वर्षं टोचत होती ती त्यानं तिच्याच पाठीशी उभी केली होती, आणि तोंडानं एक शब्द सांगितला नव्हता. तिला त्याचा रागही आला. एवढं बोलायला काय लागत होतं?

"निकिताला विचारा," ती शेवटी म्हणाली. "तिच्या आईचा हाय."

निकितेनं फोनवर फार विचार केला नाही. "मम्मी, मला तो आवडतो. लहानपणी त्याला धरून मी उभी राहायचे. पण आता मला त्याच्याकडं बघितलं की सृष्टीचं डोकंच दिसतं. तू ठरव. तू काढलास तर मी काय म्हणेन असं मनात आणू नकोस."

राजेश्रीनं ठरवलं. योगीराजला बोलावलं, आणि या वेळी फोटोंतले चकचकीत स्टीलचे नग बाजूला सारून काळ्या लोखंडाचे सरळ, जवळजवळ बसवलेले गज सांगितले. योगीराजनं सोबत आणलेल्या सुतारानं सागवानी कठडा उतरवला तेव्हा ती जवळ उभी होती. खांब पायरीतून उपटताना सिमेंटचा तुकडा निघाला आणि जुन्या घराच्या पोटातली लाल वीट दिसली. दांडे अंगणात रचले गेले. एकही किडलेला नव्हता. सुतार म्हणाला, लाकूड नव्यासारखं आहे, आणि घेऊन गेला. ते टेम्पोत चढवायला सितारामनं त्याला मदत केली. राजेश्रीनं त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. तिथं तिला जे दिसेल म्हणून धाकधूक होती ते दिसलं नाही. त्याला घाम आला होता, इतकंच.

नवे गज बसले. सृष्टीनं येऊन त्यात डोकं घालून बघितलं, नाकाच्या पुढं काही जाईना, आणि ती चिडून रडली. सगळे हसले. पुढचे काही दिवस येणारा-जाणारा विचारायचा, "आँ? कडूबाईचा कठडा काय केला?" राजेश्री सांगायची, "काढला." त्यावर कुणी काही म्हणालं असेल तर तिच्या पाठीमागं म्हणालं असेल. हळूहळू विचारणंही थांबलं. आणि गंमत अशी, की कुणी कडूबाईचं नाव घेईनासं झालं तेव्हा राजेश्रीला घरात कसंतरीच व्हायला लागलं. ती फोटो पुसायला पौर्णिमेची वाट बघेना.

एका संध्याकाळी सिताराम चपला घालत होता तेव्हा ती म्हणाली, "मीबी येते."

"कुठं?"

"दत्तरावांच्या घरी. तुमीच रोज प्यायचा का चहा?"

सिताराम चकित झाला, पण नको म्हणाला नाही. मागच्या गल्लीत ते दोघं गेले. लक्ष्मीबाई दारातच बसली होती. गुडघे सुजलेली, केस विरळ झालेली, मोठ्या हसऱ्या तोंडाची बाई. तिच्यामागं जिना होता आणि जिन्याला लाकडी कठडा. रंगाचे पोपडे निघालेले, दोन दांडे गळून पडलेले, आणि वरच्या पट्टीवर ओले टॉवेल वाळत घातलेले. राजेश्रीनं त्याची उंची मनातल्या मनात मोजली. खरंच जरा उंच होता.

चहा चांगला होता. तेही खरंच होतं. राजेश्रीनं तो घोट घोट प्याला आणि आतून थोडी जळली.

"बरं झालं आलीस," लक्ष्मीबाई म्हणाली. "कडू यायची आधी, मग यायची बंद झाली. मला कधी कळलंच न्हाई कामून. मी काय बोलले का तिला, देव जाने. लय आवडायची मला ती पोरगी."

सिताराम आणि दत्तराव ओट्यावर गाड्यांच्या उशिराबद्दल बोलत होते. राजेश्रीनं कप खाली ठेवला. फोटोतली कडूबाई तोंड मिटून बसलेली होती. तिच्याबद्दल काही विचारावं असं एवढ्या वर्षांत राजेश्रीला कधी वाटलं नव्हतं. तिचं नाव ऐकून ऐकून मात्र राजेश्री कंटाळली होती.

"कशी हसायची हो ती?" तिनं विचारलं.

"कडू?" लक्ष्मीबाईनं डोळे बारीक केले. "आवाज न करता. तोंडाला पदर लावायची आन् खांदे हालायचे नुसते. मग एकदम सुटायची, तर गल्लीत ऐकू जायचं." आणि ती कडूबाईसारखं हसून दाखवू लागली, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. राजेश्री तिच्याकडं टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "आन् बोलायची कशी?"

लक्ष्मीबाईनं आणखी चहा टाकायला आत हाक दिली.